कॅनन १००-४०० : जुनी पुश-पुल विकून मार्क टू घ्यावी का?

घाटवाट
मंडळी, सल्ला हवाय. माझ्याकडे कॅनन ८०डी आहे आणि त्यावर १००-४०० ची पहिली आवृत्ती, म्हणजे १९९८ साली आलेली, पुढे-मागे ढकलून झूम करायची लेन्स. घेतली तेव्हाही सेकंडहॅन्डच होती. विषय मुख्यतः पक्षी, पावसाळा सरताना थोडी फुलपाखरं. भिगवण, कवडीपाट, सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य ही नेहमीची ठिकाणं. जमलं तर आंबोली किंवा गणेशगुडीचं दाट जंगल.

आता ओळखीतल्या एकाला त्याची मार्क टू (याच लेन्सची दुसरी आवृत्ती, २०१४ मध्ये आलेली) काढायची आहे. अवस्था चांगली दिसते. माझी विकून वर साधारण साठ हजार घालावे लागतील. कागदावरचा फरक मला पाठ झालाय: आयएस (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) दोन स्टॉपचा होता तो चार स्टॉपचा झाला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), कमीत कमी फोकस अंतर १.८ मीटर होतं ते ९८ सेंटिमीटर झालं, झूम फिरवायचा झाला, वजन तेवढं १३८० ग्रॅमवरून १५७० वर गेलं. आणि जो तो म्हणतो की झूमच्या ४०० मिमी टोकाला पूर्ण उघड्या अपर्चरवर (एफ ५.६) नवी फारच शार्प आहे. माझी ४०० ला एफ ५.६ वर मऊ वाटते, एफ ८ ला बरी.

दोन्ही वापरलेल्यांनी सांगा. 'आरएफ (कॅननच्या मिररलेस कॅमेऱ्यांची लेन्स) घ्या' म्हणणाऱ्यांना आधीच कोपरापासून नमस्कार. बजेट नाही.

उनाडटप्पू
आरएफ १००-५०० घ्या.

घाटवाट
आला! वाटच बघत होतो.

गोदाकाठ
दोन्ही वापरल्यात. डोळे मिटून मार्क टू घ्या. मी नाशिकचा, त्यामुळे माझं सगळं शिक्षण नांदूर मध्यमेश्वरला झालं. जुन्या लेन्सवर आयएस चालू केला की आधी खट्, मग घरघर, मग चित्र क्षणभर तरंगून स्थिर व्हायचं. तोवर कैकर मासा घेऊन पलीकडच्या काठाला. नवीत बटण अर्धं दाबलं की चित्र जागच्या जागी थांबतं. आणि शार्पनेसबद्दल लोक सांगतात ते खरं आहे. मी ती एफ ५.६ वरच ठेवतो, एफ ८ चा विचार करत नाही. थंडीत सकाळी सात वाजता तो एक स्टॉप म्हणजे आयएसओ १६०० की ३२०० एवढा फरक असतो.

खडूसकाका
गोदाकाठ, कैकर सूर मारत असताना आयएसचा काय संबंध? आयएस तुमचा हात धरतो, पक्ष्याचे पंख नव्हे. उडत्या पक्ष्याला १/२००० च्या आसपास शटर लागतं आणि तिथे आयएस दोन स्टॉपचा असो की चार, काडीचा फरक पडत नाही. बसलेल्या पक्ष्याला पडतो. ४०० ला हातात धरून १/४०० हा जुना नियम धरला, तर दोन स्टॉपने तुम्ही १/१०० पर्यंत उतरता, चारने १/२५ पर्यंत. (८०डीचा सेन्सर लहान, तो क्रॉप धरून नियम १/६४० चा होतो, पण हिशेब तोच.) आता १/२५ ला मान न हलवणारा पक्षी दाखवा.

गोदाकाठ
काका, व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर असलं की फोकस पॉइंट पक्ष्यावर ठेवता येतो, एवढंच म्हणत होतो. आणि मान न हलवणारा पक्षी हवा असेल तर घुबड.

माळटिटवी
ढोकरीपण. पाण्यात उभी राहिली की आपला कंटाळा संपतो, तिचा संपत नाही.

अंधारखोली
घाटवाट, लेन्सबद्दल बोलण्याआधी एक गृहपाठ. गेल्या हिवाळ्यातले डिलीट न केलेले पण कुणाला न दाखवलेले फोटो काढा. प्रत्येकाला नापास होण्याचं एकच कारण लिहा. पक्षी हलला, तुमचा हात हलला, फोकस भलतीकडे गेला, पक्षी फार लांब होता, गरम हवेने चित्र उकळलं, उजेडच वाईट होता, की सगळं बरोबर असूनही काचच मऊ पडली. नवी लेन्स यातली दोनच कारणं नीट करते: हात हलणं आणि मऊ काच. फोकस चुकणं थोडंफार. बाकीच्यांवर साठ हजार घातले तरी ती तिथेच राहणार.

विशेषतः भिगवण. साडेनऊ-दहानंतर उजनीच्या पाण्यावरून हवा वर चढायला लागली की लांबचे रोहित कुठल्याही लेन्सने घ्या, पिसांचं पिठलंच होणार. लोक लाखाची लेन्स घेऊन बाराला होडीत बसतात आणि रात्री लेन्सला शिव्या घालतात.

दुसरं, तुमची ४०० ला मऊ आहे हे कशावरून ठरवलंत? ट्रायपॉडवर ठेवा, आयएस बंद करा (या जुन्या लेन्सला आपण ट्रायपॉडवर आहोत हे कळत नाही), वीसेक मीटरवर बारीक छपाईचं काहीतरी लावा आणि तोच फोटो एकदा व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून, एकदा लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, फोकस करून घ्या. लाइव्ह व्ह्यूचा स्पष्ट आला आणि दुसरा मऊ, तर काचेचा दोष नाही. फोकस पुढे-मागे पडतोय. ८०डीमध्ये एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट (ऑटोफोकस जरा पुढे-मागे सरकवून जुळवायची सोय) आहे, झूमच्या दोन्ही टोकांना वेगवेगळी देता येते. फुकट काम.

सावरी
+१. आणि पुढे यूव्ही फिल्टर आहे का? या लेन्सवर ४०० ला स्वस्त फिल्टर लावला की पार्श्वभूमीत दुहेरी रेघा दिसतात आणि सगळंच धुकट होतं. फिल्टर काढल्यावर 'नवीन लेन्स घेतलीस का' असं विचारलं गेलेले लोक माझ्या माहितीत आहेत.

घाटवाट
फिल्टर नाही, फक्त हूड. अंधारखोली, गृहपाठ आवडला. शनिवारी करतो.

उनाडटप्पू
नापास फोटोंची कारणं लिहायची म्हणजे माझ्या एका हिवाळ्यालाच दोनशे पानी वही लागेल. 'फोटोग्राफर स्वतः' असा रकाना ठेवला तर चालेल का?

सावरी
अवांतर, पण महत्त्वाचं. मी रत्नागिरीची. सेकंडहॅन्ड लेन्स घेताना शार्पनेस नंतर, आधी बुरशी बघा. मागचं झाकण काढून मोबाइलचा टॉर्च तिरका आत मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले की कितीही स्वस्त असली तरी हात जोडून परत द्या. धुळीचे चार कण असले तरी काही बिघडत नाही, ते फोटोत दिसत नाहीत. पण बुरशी कोटिंग खाते, साफ केली तरी डाग राहू शकतो. या लेन्स मुंबई-कोकणात पाच-सहा पावसाळे बॅगेत पडून असतात. बॅग म्हणजे बुरशीचं माहेर. फोम ओल धरतो.

घरात ड्राय कॅबिनेट असेल तर उत्तम, काटा ४० ते ५० टक्क्यांवर. नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत रंग बदलणारं सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की कढईत परतून पुन्हा वापरायचं, फक्त ती कढई परत स्वयंपाकात आणू नका.

खडूसकाका
सावरीताई, कढईची सूचना आमच्या घरी फार उशिरा पोचली.

माळटिटवी
पुश-पुलला लोक 'धूळ ओढणारा पंप' म्हणतात त्याचं काय? माझ्याकडे तीच आहे आणि मयूरेश्वरच्या मातीत वर्षानुवर्षं लोळवलीय. आत कण आहेत, पण एवढे काही नाहीत.

अंधारखोली
जी लेन्स झूम करताना लांब होते ती हवा आत-बाहेर करणारच. मार्क टूसुद्धा लांब होते. सील नव्या आवृत्तीत चांगले आहेत, फरक तेवढाच. ज्याला हे नकोच आहे त्याने आतल्या आत झूम होणारी ७०-२०० घ्यावी आणि पक्ष्यांच्या जवळ राहायला जावं.

जर्सीकर
इथे न्यू जर्सीहून. दर नोव्हेंबरला मेरीलँडमध्ये सस्क्वेहाना नदीवरच्या कॉनोविंगो धरणाखाली टकल्या गरुडांची जत्रा भरते. टर्बाइनमधून गुंगलेले मासे खाली येतात आणि गरुड ते उचलतात. काठावर माणसं खांद्याला खांदा लावून उभी, निम्म्यांच्या हातात घराच्या हप्त्याएवढ्या लेन्स. मी तिथे आधी पुश-पुल वापरली, आता मार्क टू.

उडत्या पक्ष्यासाठी पुश-पुल मला अजूनही जास्त आवडते, हे कबूल करायला लाज नाही. १०० ला पक्षी शोधायचा, डावा हात पुढे ढकलायचा, ४०० ला पक्षी चौकटीत. अर्ध्या सेकंदाचं काम. फिरवायच्या झूमला मनगट मोडावं लागतं. मार्क टूच्या पुढच्या भागाला धरूनही ढकलता येते, पण ती तशी बनवलेली नाही.

पण फोकसचा वेग आणि खात्री यात नवी सरळ पुढे आहे. शिवाय उद्या मिररलेसला गेलात तर? या ईएफ लेन्स मिररलेसवर बसवायचा कॅननचा ईएफ ते आर अ‍ॅडॅप्टर म्हणजे २४ मिलिमीटरची पोकळ नळी आणि तारा, आत काच नाहीच. दोन्ही लेन्स चालतात. फक्त काही बॉडी जुन्या लेन्सवर पूर्ण वेगाने फ्रेम देत नाहीत. पाच-सात वर्षं लेन्स ठेवायची असेल तर हा मुद्दा धरा.

गोदाकाठ
आणखी एक. मार्क टू अधिक १.४ चा तिसऱ्या पिढीचा एक्स्टेंडर (लेन्स आणि बॉडीच्या मधे बसून पल्ला १.४ पट करणारा), ८०डीवर. ५६० मिमी एफ ८ होतं आणि तरी ८०डी २७ पॉइंटवर ऑटोफोकस देते. लांबच्या चक्रवाकांना हाच उपाय.

खडूसकाका
एफ ८ वर, सकाळी सातला, एक्स्टेंडर लावून. मघाशी एक स्टॉपसाठी गळा काढत होतात ना?

गोदाकाठ
काका, तुम्ही नाशकात भेटाच. मिसळ माझ्याकडून. तिखट.

चोडणकार
गोव्यातून. आमच्याकडे चोडणच्या सलीम अली अभयारण्यात खारफुटीत होडीतून फोटो काढायचे, सगळं हलतंय, उजेड पानांतून गाळून येणारा. तिथे नवा आयएस वापरल्यावर मी जुनी कुणाला फुकट द्यायलासुद्धा तयार झालो. खंड्या फांदीवर बसलेला, १/८० ला. जुन्या लेन्सने दहातले दोन येत, आता सहा-सात येतात. वैज्ञानिक चाचणी नाही, माझा अंदाज.

मार्क टूच्या आयएसचा मोड तीन बघा. त्यात आयएस फक्त शटर उघडं असतानाच काम करतो, व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र ओढल्यासारखं होत नाही. जुनीत दोनच मोड.

पाकोळी
फुलपाखरांबद्दल कुणी काहीच बोललं नाही. मला ९८ सेंटिमीटरचा मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो. जुन्या लेन्सने फुलपाखरू दिसलं की मागे मागे जावं लागायचं, एकदा तर करवंदीच्या जाळीतच बसले. नवीन लेन्सवर सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या आकाराच्या ०.३१ पट मिळते, जुनीवर ०.२. घाटात पावसाळ्यानंतर मॅक्रो न नेता याच लेन्सवर भागतं. साप, बेडूक, चतुर, सगळं.

खडूसकाका
पाकोळी, मुद्दा चांगला, पण आकडे घालून बघा. ८०डीचा सेन्सर साधारण साडेबावीस मिलिमीटर रुंद. ०.२ पटीला चौकटीत अकरा सेंटिमीटरच्या आसपास मावतात, ०.३१ ला सुमारे सव्वासात. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन पंख पसरून बारा ते पंधरा सेंटिमीटर. म्हणजे त्याला जुनी लेन्ससुद्धा जास्त जवळ नेते! फायदा छोट्या निळ्यांना, गवतावरच्या दोन-अडीच सेंटिमीटरवाल्यांना.

त्यांच्यासाठी स्वस्त रस्ताही आहे. दोन्ही लेन्सचा फिल्टर ७७ मिमीचाच. कॅनन ५००डी नावाची दोन काचांची क्लोज-अप लेन्स पुढे स्क्रू करा. ४०० ला, फोकस अनंतावर ठेवून, अर्ध्या मीटरवरून ०.८ पट मिळतं.

पाकोळी
काका, आहे माझ्याकडे ती. लावली की अर्ध्या मीटरच्या पलीकडे काही म्हणजे काही फोकस होत नाही. फुलपाखरू एक मीटरवर बसलं तर लावूनही नाही आणि काढूनही नाही, कारण जुनीला १.८ लागतात. काढ-घाल करेपर्यंत ते दुसऱ्या तालुक्यात. पहाटे दवात गारठलेल्या चतुरांना मात्र झकास, हे मान्य.

खडूसकाका
हे बरोबर बोललात. अर्धा ते १.८ मीटरच्या मधली जागा रिकामीच राहते. एक मार्क तुम्हाला.

उनाडटप्पू
काकांनी मार्क दिला. धाग्याची तारीख लिहून ठेवा.

नवखा_१२
मधेच विचारतो, माफ करा. मला पहिलीच लेन्स घ्यायची आहे, बॉडी २००डी. सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० का नको? ६०० मिळतात.

माळटिटवी
नको असं नाही. पण दोन किलोच्या आसपास वजन आणि ९५ मिमीचा फिल्टर. गाडीतून किंवा लपणातून (पक्ष्यांना न दिसता बसायचा आडोसा) काढणार असाल तर छान. सिंहगडाच्या दरीत तीन तास पायी फिरणार असाल तर आधी दोन किलो साखरेची पिशवी घेऊन तीन तास फिरून बघा. पहिलीच लेन्स असेल तर जुनी पुश-पुल वाईट नाही. घाटवाटांची विकायची ठरली तर त्यांनाच विचारा.

अंधारखोली
लपणाचं नाव निघालं म्हणून, धाग्याचा विषय नाही हे माहीत आहे. जिथे पक्ष्याला बोलवायला त्याचाच आवाज मोबाइलवर वाजवतात, त्या जागी पैसे देऊन बसू नका. विणीच्या हंगामात तर नाहीच. नर घरटं सोडून तुमच्या स्पीकरशी भांडत बसतो.

जर्सीकर
+१०००. इकडे बर्फाळ घुबडासाठी उंदीर सोडणारे महाभाग बघितलेत.

गोदाकाठ
यावर वेगळा धागा काढा, इथे पेटलं तर घाटवाटांची लेन्स बाजूला राहील. (आणि भिगवणला गेल्यावर मासळीची थाळी खाऊन या, हे मात्र याच धाग्यात चालतं.)

घाटवाट
गृहपाठ करून आलोय, थोडं लांब लिहितो.

आधी ट्रायपॉडची चाचणी. अंधारखोली म्हणाले तसंच निघालं, लाइव्ह व्ह्यूमधून घेतलेला फोटो स्पष्ट, व्ह्यूफाइंडरचा मऊ. ४०० ला फोकस सातत्याने जरा मागे पडतोय. टेलि टोकाला मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट वजा बाजूला सरकवली आणि एफ ५.६ चा फोटो कालपर्यंत एफ ७.१ ला यायचा तसा आला. कोपरे अजून मऊ आहेत, पण कोपऱ्यात मी पक्षी ठेवत नाही.

मग नापास फोटो. निम्म्याहून जास्त पक्षी हलल्यामुळे किंवा फार लांब असल्यामुळे गेलेले. भिगवणचा मोठा ढीग उकळत्या हवेचा, आणि त्या सगळ्यांची वेळ दहानंतरची आहे. फोकस चुकलेले बरेच, त्यातले किती मायक्रोअ‍ॅडजस्टमेंटने सुधारतील ते आता जानेवारीतच कळेल. हात हललेले भिगवण-सुप्याचे जवळपास नाहीत, उजेड भरपूर असतो.

पण गणेशगुडी आणि आंबोलीचं फोल्डर उघडलं आणि गप्प बसलो. तिथे सगळी गंमतच वेगळी आहे. मलबार ट्रोगन समोर फांदीवर ढिम्म बसलेला, आयएसओ ३२००, शटर १/६०, १/५०, आणि फोटो एकामागून एक हललेले. पक्षी हललेला नाही, फांदीवरचं शेवाळंसुद्धा हललेलं दिसतंय. म्हणजे हात. खडूसकाका, मान न हलवणारा पक्षी सापडला.

खडूसकाका
ट्रोगन. बरोबर. तो तासभर एका जागी बसतो. मी माझं वाक्य मागे घेत नाही, पण त्यात घुबड, ढोकरी आणि ट्रोगन यांचा अपवाद घालतो.

चोडणकार
मग झालं की! घेऊन टाका. घाटातल्या जंगलासाठीच ती बनलीय.

अंधारखोली
वर्षातून एखाद्या फेरीसाठी साठ हजार? पुण्यात लेन्स भाड्याने मिळतात. आंबोलीला जाताना मार्क टू भाड्याने न्या, बाकी वर्षभर आपली जुनी. किंवा मोनोपॉड घ्या, दोन-अडीच हजारांत भागतं, आणि जुन्या आयएसबरोबर मिळून १/५० सहज निघेल.

गोदाकाठ
भाड्याने आणलेली लेन्स पावसाळी आंबोलीत? डिपॉझिटचं टेन्शन घेऊन ट्रोगन बघायचा? आणि ओल्या उतारावर, जळवा पायात असताना मोनोपॉड? मी तरी घेईन विकत. उद्या वर्षातून एकदाच्या ऐवजी चारदा जाल, कारण फोटो यायला लागतील. लेन्स हातात असली की माणूस जागा शोधतो.

पाकोळी
गोदाकाठांशी सहमत. आणि फुलपाखरांचा रकाना लिहिलाच नाहीत! ते फोटो का नापास झाले?

घाटवाट
पाकोळीताई, ते नापास झालेच नाहीत, कारण काढलेच नाहीत. लेन्स १.८ मीटरच्या आत घेत नाही म्हणून मी कॅमेरा उचलतच नाही. अंधारखोलींच्या वहीत न काढलेल्या फोटोंचा रकाना नव्हता.

अंधारखोली
तो घालायला हवा. मान्य.

घाटवाट
तर सध्या ठरलंय ते असं. ओळखीतल्याला विचारलं, तो मार्क टू एका शनिवार-रविवारसाठी हातात द्यायला तयार आहे. टॉर्च मारून आत बघणार (सावरीताई, लक्षात आहे), मग दोन्ही लेन्स घेऊन ताम्हिणीच्या बाजूला दाट झाडीत जाणार, दोन्हींवर १/५० आणि १/२५. ट्रोगन भेटेल न भेटेल, शेवाळलेली फांदी भेटेलच. तिथे चोडणकारांसारखा फरक दिसला तर घेईन. नाही दिसला तर मोनोपॉड आणि क्लोज-अप लेन्स, आणि भिगवणला दहाच्या आत होडी.

गोदाकाठ
दिसणार. पैज लावायची का? काकांना पण घ्या पैजेत.

खडूसकाका
मी पैज लावत नाही. दोन्ही लेन्सच्या रॉ फाइल इथे टाका, जेपेग नकोत. आणि कुठली कुठल्या लेन्सची ते आधी सांगू नका.

नवखा_१२
घाटवाट सर, घेतलीत तर जुनीचं मला आधी सांगाल का? २००डीवर मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट नाही असं आत्ता वाचलं, तरी चालेल ना?

अंधारखोली
नवखा, घेण्याआधी तुमची बॉडी घेऊन जा आणि त्याच लेन्सवर लाइव्ह व्ह्यूची तीच चाचणी करा. ८०डीवर मागे पडणारी लेन्स २००डीवर बरोबर पडू शकते, उलटही होऊ शकतं. व्ह्यूफाइंडरचा फोटो मऊ आला तर घेऊ नका.

उनाडटप्पू
आणि बरोबर आला तर नापास फोटोंची वही आजपासूनच घालायला घ्या.